‘उचल’ एकाचं, ‘थांब’ सगळ्यांचं

म्हाताऱ्या मुकादमाच्या घरात शिरलं की समोरच्याच भिंतीवर सात खुंट्या दिसत. दुसऱ्यांच्या घरी त्या जागी आरसा असतो, नाहीतर लग्नातला फोटो. इथं पट्टे लटकत. जाड कापडाचे, चांगले रुंद, खांद्यावरून घेऊन ओझ्याखाली अडकवायचे पट्टे. लग्नाचा फोटो आतल्या खोलीत गेला त्याला तीस वर्षं झाली होती, आणि मुकादमाची बायको ते महिन्यातून एकदा तरी ऐकवायची.

टोळीचं काम जड वस्तू हलवण्याचं. जिथं क्रेन पोचत नाही, जे जिन्यात मावत नाही आणि मोडलं तर परत मिळत नाही, ते या सात जणांकडं यायचं. पहारी, लोखंडी नळ्या, जॅक, साखळीची कप्पी, लाकडी ठोकळे आणि पाचरी, एवढाच संसार. बाकी सगळं अक्कल आणि खांदा.

रोज काम संपलं की प्रत्येक जण आपला पट्टा मुकादमाच्या खांद्यावर टाके. मुकादम ते सगळे घरी नेई, एकेक शिवण बोटांनी चाचपून बघे, धागा सुटला असेल तिथं दाभण घालून शिवे आणि सकाळी ज्याचा त्याला परत देई. ज्या शिवणीवर आपला कणा लटकलेला असतो ती दुसऱ्याच्या हाती द्यायची, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. म्हणून नव्या मुकादमासाठी टोळीची एक रीत होती. नव्यानं दहा कामं पार पाडायची. तोवर जो तो आपला पट्टा आपल्या घरी नेणार. दहावं काम संपलं की माणूस पटला असेल तर पट्टा त्याच्या खांद्यावर. एक जरी पट्टा घरी गेला, तरी दुसरा मुकादम बघायचा. भांडण नाही, पंचायत नाही.

म्हाताऱ्याच्या कंबरेनं शेवटी हात टेकले. डॉक्टर म्हणाला, “यापुढं चमच्याहून जड काही उचलायचं नाही.”

“चमचा तरी कधी उचललाय यांनी?” बायको म्हणाली.

म्हाताऱ्यानं मुकादमकीसाठी नाव सुचवलं ते आपल्या पोरीचं. टोळीत आठ वर्षं झाली होती तिला. अंगानं काटकुळी, पण नजर अशी की जिना नुसता बघून सांगायची, “दुसऱ्या वळणावर दोन बोटं अडेल.” आणि तिथं दोनच बोटं अडायचं. दोर, मोजमाप, कुठली फळी कुठं, हे सगळं गेली तीन वर्षं तीच बघत होती. तरी नाव ऐकल्यावर माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पहिलवान तर जमिनीकडं बघत राहिला. चाळिशीचा, दाराएवढा माणूस; मुकादमानंतर आपणच, हे त्यानं मनात कधीच धरून ठेवलं होतं.

“दहा कामं बघू की,” तो म्हणाला. “रीत आहे ती.”

“बघा,” म्हातारा म्हणाला. “आणि या दहा कामांवर मी फिरकणार नाही. जुना तिथं उभा राहिला की माणसं दोघांच्या तोंडाकडं बघतात, आणि ओझं पडतं दोघांच्या मध्ये.”

बोलून गेला खरा, पण घरी बसणं त्याला जड गेलं. यंत्रं बरी होती. त्यांना खाली ठेवता तरी यायचं.

रोज संध्याकाळी पोरगी येण्याआधी जावई चक्कर टाकायचा. हा मुकादमाचा जावई नव्हे. टोळीतल्याच शंकोबाच्या मुलीशी लग्न करून टोळीत आला म्हणून सगळेच त्याला जावई म्हणत. माणूस मनानं निर्मळ, पण पोटात काही राहायचं नाही. पहिलं काम नीट झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. चौथ्या कामाच्या दिवशी तो दारातूनच हसत आला.

“मुकादम, आज मजा झाली. लेथ मशीन आत सरकवत होतो. माझा गुडघा वाजला, कट्टकन! आमच्या सासऱ्यांना वाटलं फळीच तडकली. लगेच ‘थांब!’ सगळे थांबलो, ठोकळे लावले, फळी उलटीपालटी करून बघितली. फळी ठणठणीत! तर ताई म्हणाली, ‘काका, गुडघे वाजले की थांबायचं म्हटलं तर टोळीत एकही माणूस उरणार नाही. पुढच्या वेळी तेलाची बाटली घेऊन या.’ अहो, पहिलवानसुद्धा हसला! पहिल्यांदाच हसला तो तिच्या बोलण्यावर.”

म्हातारा हसला नाही. “मग चहा कुणाला दिला पहिला?”

“चहा? ताईनंच घेतला असेल. घाई होती. का हो?”

“काही नाही,” म्हातारा म्हणाला.

आता हे सांगायला हवं. टोळीचा कायदा एका ओळीचा होता: ‘उचल’ एकाचं, ‘थांब’ सगळ्यांचं. उचला म्हणायचा अधिकार फक्त मुकादमाला. थांब मात्र कुणीही म्हणावं, आणि ते कानावर पडलं की आधी ठोकळे लावायचे, कारण मग विचारायचं. शंकोबा हा टोळीतला सगळ्यात जुना माणूस. पाचरी मारणं हे त्याचं काम, आणि शंका काढणं हा त्याचा स्वभाव. वर्षाला वीस वेळा तरी तो थांब म्हणायचा. त्यातले सतरा फुकट जायचे. आणि ज्याचं थांब फुकट गेलं, त्याला त्या दिवशी पहिला कप, हा म्हाताऱ्या मुकादमाचा नेम होता. स्वतःच्या हातानं द्यायचा. एक अक्षर न बोलता.

जावई गेल्यावर बायको म्हणाली, “तोंड का पडलं? तिला सांगा की सरळ.”

“नाही सांगणार. सांगितलेलं शहाणपण पाहुण्यासारखं असतं. चार दिवस राहतं आणि जातं.”

“तुम्ही आणि तुमचं शहाणपण,” बायको म्हणाली आणि भांडी जरा जोरातच आपटली. तिच्या मनात दुसरंच काहीतरी होतं, पण ते तिनं त्या दिवशी बाहेर काढलं नाही.

पुढची तीन कामं वाऱ्यासारखी झाली. चार तासांचं काम अडीच तासांत. गिऱ्हाईकं खूश, पोरगी तर हवेतच. सातव्या कामानंतर पाय धुता धुता तिनं आतूनच ओरडून सांगितलं, “बाबा, सलग तीन कामं, एकदाही थांब नाही! तुमच्या वेळी असं कधी झालं होतं?”

 तीस वर्षांत असं खरंच कधी झालं नव्हतं.

“शंकोबा काय म्हणतो?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“काका? काही नाही. हल्ली शांत असतात. वय झालं ना.”

म्हाताऱ्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. मी बोललो तर ती माझ्या तोंडानं मुकादमकी करील, असं त्यानं स्वतःला समजावलं. हे खरंही होतं. पण सगळं खरं एवढंच नव्हतं.

आठवं काम एका भट्टीवाल्याचं होतं. कणीक मळायचं मोठं यंत्र तळघरात उतरवायचं. उतरणीवर फळ्या, फळ्यांवर नळ्या, मागून साखळी, बाजूला पाचरी. भट्टीवाल्याच्या फरशीवर वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं होतं. यंत्र अर्ध्यावर असताना डावी पाचर तेलावरून हळूच सरकायला लागली. बोटभर. दोन बोटं. मग एकदम सगळीच निसटली आणि यंत्र वीतभर खाली घसरलं. साखळीनं धरलं म्हणून पुढचं वाचलं. पण धाकट्याचा पाय खाली आला. थोरला आणि धाकटा हे टोळीतले सख्खे भाऊ. थोरल्यानं एकट्यानं पहार घालून यंत्र उचललं म्हणे. त्या वेळी त्याला मुकादमाच्या ‘उचल’ची वाट बघावी लागली नाही.

हाड वाचलं. अंगठ्याचं नख गेलं, पाय भोपळ्यासारखा सुजला, दोन आठवडे घरी.

पोरगी दुपारीच परत आली. जावई त्या दिवशी आला नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडतच राहिली, सुटल्या तरी.

“काकांना दिसलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “पाचर त्यांच्या डोळ्यांदेखत सरकत होती. तोंड उघडलं त्यांनी आणि परत मिटलं. थोरल्यानं बघितलं ते. मला एवढा राग आला! सगळ्यांसमोर ओरडले मी त्यांच्यावर. म्हटलं, दिसत होतं तर बोलला का नाहीत?”

“मग?”

“मग ते म्हणाले...” तिनं सुटलेली नाडी पुन्हा ओढली. “म्हणाले, ‘पोरी, मला वाटलं गुडघाच वाजला.’”

 चुलीवरचं पाणी तेवढं खदखदत होतं.

“ते टोमणा मारत नव्हते, बाबा. खरंच सांगत होते.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. तेवढ्यात बायको आतून हात पुसत आली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आता सांगता, का मी सांगू?”

“काय सांगायचंय?”

“डावा हात दाखवा तिला.”

म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. पोरीनं ती कधीच बघितली नव्हती. तिच्या जन्माआधीच गेली होती. लहानपणी विचारलं की म्हातारा सांगायचा, “यंत्रानं खाल्ली.” टोळीतही हेच सांगितलं जायचं, आणि सांगताना तो हात थोडा वरही धरायचा, लढाईतल्या जखमेसारखा.

“यंत्रानं नाही खाल्ली ती,” बायको म्हणाली. “जिभेनं खाल्ली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! नवी नवी मुकादमकी. एका माणसानं तीनदा थांब म्हटलं, तिन्ही वेळा काही निघालं नाही. तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुला भीती वाटत असेल तर घरी जाऊन बायकोच्या पदराखाली बस.’ चौथ्या वेळी त्याला दोर तुटताना दिसला. बोलला नाही. यांचा हात खाली होता.”

“अगं पण...”

“पण काय? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण पुढच्यानं ठेच लपवली तर मागच्यानं शहाणं कसं व्हायचं?”

म्हाताऱ्यानं तो हात उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, “पदराखाली नव्हतो म्हणालो. चुलीमागं म्हणालो होतो.”

“वा! म्हणजे फारच फरक पडला.”

पोरगी रडता रडता हसली. मग तिनं हळूच विचारलं, “तो माणूस कोण होता?”

“कोण असणार?” म्हातारा म्हणाला. “शंकोबा.”

मग त्यानं सगळं सांगितलं. शंकोबा त्या वेळी महिनाभर कामावर आला नव्हता. इस्पितळातून आल्या आल्या म्हातारा, म्हणजे तेव्हाचा तरणा मुकादम, बांधलेल्या हातानंच त्याच्या दारी गेला होता. माफी मागितली. शंकोबा परत आला, पण तोंड उघडायला त्यानं वर्ष घेतलं. रोज पहिला कप त्याच्या हातात देत राहिलो, थांब म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी, असं म्हातारा म्हणाला. वर्षानं एकदा तो खेकसला, थांब! फळीवर नुसती पाल होती. “पण मला इतका आनंद झाला की बोट परत आल्यासारखं वाटलं.”

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली,” म्हातारा म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी पोरीनं सामानातल्या पेटीतून लहानशी पाचर काढली, अंगठ्याएवढी, आणि खिशात टाकली. म्हाताऱ्याला आधी कळेना कशाला. मग दोन-चार दिवसांत लक्षात आलं. आई काही बोलायला लागली की तिचा हात खिशात जायचा. आईचं बोलणं संपायचं. हात खिशात फिरायचा, एकदा, दोनदा. मगच ती तोंड उघडायची.

“हे काय नवीन खूळ?” आईनं विचारलं.

हात फिरला, एकदा, दोनदा. “सवय लावून घेतेय,” ती म्हणाली. “पाचर दोनदा उलटी होईपर्यंत तोंड बंद.”

“तुझ्या बापाला एक दे बाई. मोठी दे.”

पहिले दिवस फजितीचे होते. दूधवाल्यानं विचारलं, “किती देऊ?” आणि ही आपली खिशात हात घालून गप्प. दूधवाल्याला वाटलं सुटे शोधतेय.

नवव्या कामाच्या सकाळी टोळी जमली तेव्हा ती सगळ्यांसमोर शंकोबाला म्हणाली, “काका, त्या दिवशीचं थांब बरोबर होतं. फळी तडकली का गुडघा वाजला, हे थांबल्याशिवाय कळत नाही. मी हसायला नको होतं. धाकट्याच्या पायाची चूक तुमची नाही, माझी आहे.” आणि चहाचा पहिला कप तिनं पुढं केला.

शंकोबानं कप घेतला. “गार झालाय,” म्हणाला. पण प्यायला.

नववं काम नीट पार पडलं. सुरू करण्याआधी तिनं सगळ्यांना विचारलं, “कुणाला काही दिसतंय?” आणि पाचर दोनदा उलटी होईपर्यंत वाट बघितली. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी येऊन ती म्हणाली, “बाबा, मनापासून माफी मागितली. तरी सगळे गप्पच.”

“तोंडं बंद करायला न दिलेला एक चहा पुरला,” म्हातारा म्हणाला. “उघडायला किती लागतील, ते बघायचं. मला वर्षभराचे लागले.”

“माझ्याकडं एकच काम उरलंय.”

म्हाताऱ्यानं भिंतीवरच्या खुंट्यांकडं बघितलं.

दहावं काम छापखान्याचं. पहिल्या मजल्यावरून छपाईचं जुनं यंत्र खाली उतरवायचं, ओतीव लोखंडाचं, हत्तीएवढं. दुरुस्तीचं काम शिकवणाऱ्या एका शाळेनं ते मागितलं होतं. बाहेरच्या जिन्यावर जाड तुळयांची उतरण घातली, वर कप्पी बांधली. रस्ता बारापर्यंतच बंद ठेवायची परवानगी होती. धाकटा घरी, म्हणजे माणूसही एक कमी.

म्हाताऱ्यानं घरी थांबायचं ठरवलं होतं. दहा वाजता त्यानं केस कापून घ्यायचं ठरवलं. आता छापखान्याच्या बरोबर समोर न्हाव्याचं दुकान होतं, यात त्याचा काय दोष?

“मुकादम, परवाच तर कापले,” न्हावी म्हणाला.

“मग दाढी कर.”

“ती पण केलीय तुम्ही.”

“मग बसू दे नुसता!”

काचेतून समोरचा सगळा जिना दिसत होता. यंत्र उतरणीवर आलं होतं. खाली उतरणीच्या तोंडाशी पोरगी उभी. वर साखळीवर पहिलवान आणि थोरला, बाजूला पाचरी घेऊन शंकोबा आणि जावई. “सोड... सोड... सोड...” तिचा आवाज रस्त्यापलीकडं स्पष्ट येत होता. यंत्र वीत वीत खाली येत होतं. छापखान्याचा मालक घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता, आणि ट्रकचा ड्रायव्हर उगाच भोंगा वाजवत होता.

अकरा वाजता शंकोबा ओरडला, “थांब!”

म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला.

पोरीनं का म्हणून विचारलं नाही. “ठोकळे,” म्हणाली. पटापट ठोकळे बसले. यंत्र जागच्या जागी उभं राहिलं. मग तिनं वर बघितलं. “काय, काका?”

“कप्पीचा आवाज बदलला, पोरी.”

कप्पी बघितली. साखळी कडीकडीनं बघितली. तुळई बघितली. कप्पीत काही नव्हतं. साखळीत काही नव्हतं. ड्रायव्हरनं भोंगा बंद केला होता, एवढाच काय तो आवाज बदलला होता.

“झालं समाधान?” मालक ओरडला. “पाऊण तास उरलाय माझा! आणि तुमच्या म्हाताऱ्याला कान वाजायला आत्ताच वेळ मिळाला?”

शंकोबाची मान खाली गेली. वरून पहिलवान बघत होता. थोरला बघत होता. न्हाव्याच्या दुकानात म्हाताऱ्याच्या हाताखाली खुर्चीचा दांडा करकरला.

पोरीचा हात खिशात गेला. एकदा. दोनदा.

“साहेब,” ती मालकाला म्हणाली, “ते थांब म्हणाले म्हणून यंत्र उभं आहे. ते पडलं असतं तर तुम्हाला घड्याळ बघायची गरजच उरली नसती.” मग टपरीकडं वळून तिनं हाक मारली, “भाऊ, पाच चहा! पहिला काकांना.”

“आत्ता? चहा?” मालकाचा आवाज फुटला.

“आत्ताच. सहावा तुम्हालाही देते.”

हत्तीएवढं यंत्र ठोकळ्यांवर टेकवून पाच माणसं चहा प्यायली. शंकोबाला पहिला कप तिनं स्वतःच्या हातानं दिला, काही न बोलता. शंकोबा तो दोन्ही हातांनी धरून प्यायला. रस्त्यापलीकडं म्हाताऱ्यानं न्हाव्याचा पंचा उचलला आणि डोळे पुसले.

“साबण गेला का डोळ्यात?” न्हाव्यानं विचारलं.

“हो.”

“लावलाच नाही मी अजून.”

काम पुन्हा सुरू झालं. सोड... सोड... यंत्र शेवटच्या चार हातांवर आलं. आणि आता वरून जाड आवाज आला, “थांब!”

पहिलवान. म्हाताऱ्यानं या आवाजात हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. वीस वर्षांत पहिलवानानं एकदाही थांब म्हटलं नव्हतं. त्याला तो कमीपणा वाटायचा.

“ठोकळे,” पोरगी म्हणाली. मग, “काय दिसलं?”

पहिलवान जरा घुटमळला. “ताई, राग मानू नकोस. उतरणीचं तोंड तू लावलंयस. मापात बरोबर आहे. पण वरून मातीत गोल कड उमटलेली दिसतेय मला, डावी तुळई गटाराच्या झाकणावर टेकलीय. यंत्राचा सगळा भार तिथं आला तर झाकण आत जाईल.”

ती वाकली. माती बोटानं बाजूला सारली. तुळईखाली झाकणाची कड होती. सकाळी मोजमापाच्या नादात मातीखालचं झाकण तिच्या नजरेतून सुटलं होतं, तिच्या नजरेतून, जी दोन बोटंसुद्धा चुकत नव्हती.

“बरोबर आहे,” ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “माझं चुकलं. तुळई हलवू.”

तुळई हातभर उजवीकडं घेतली, खाली दोन फळ्या आडव्या घातल्या. त्यात वीस मिनिटं गेली. यंत्र ट्रकमध्ये चढलं तेव्हा बाराला वर दहा मिनिटं झाली होती. वाहतुकीचा शिपाई शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता. मालकानं यंत्राभोवती एक फेरी मारली, कुठं ओरखडा शोधत. सापडला नाही. शेवटी म्हणाला, “चहा चांगला होता.”

आता पट्टे.

जावई आधी आला. त्याला कुठलीच गोष्ट थांबवून ठेवता यायची नाही, पट्टासुद्धा. तिच्या खांद्यावर टाकून मोकळा झाला. थोरल्यानं एक नाही, दोन टाकले. “धाकट्यानं सकाळीच दिलाय,” म्हणाला. “म्हणाला, टाकायची वेळ आली तर माझाही टाक.” शंकोबानं आपला पट्टा आधी नीट गुंडाळला, झटकला, मग तिच्या खांद्यावर ठेवला आणि वरून एकदा थोपटला.

पहिलवान आपला पट्टा गळ्यात घालून सरळ रस्ता ओलांडून आला. न्हाव्याच्या दारात येऊन उभा राहिला तर दुकानात अंधार झाला.

“मुकादम,” तो म्हणाला, “हा कुणाकडं द्यायचा?”

म्हाताऱ्याला कळलं, हा शेवटचं विचारतोय. आपण एक शब्द बोललो तर पट्टा आपल्या शब्दावर जाईल, तिच्या कामावर नाही. त्याचा हात नकळत खिशात गेला. खिशात काही नव्हतं. तरी त्यानं बोटं दोनदा फिरवली.

“मला काय विचारतोस?” तो म्हणाला. “मी केस कापायला आलोय.”

पहिलवानानं त्याच्या तुळतुळीत डोक्याकडं बघितलं. न्हाव्याकडं बघितलं. आणि एवढ्या मोठ्यानं हसला की शिपायाची शिट्टी थांबली. मग परत रस्ता ओलांडून गेला आणि गळ्यातला पट्टा काढून तिच्या खांद्यावर टाकला. “चुलीमागं बसवू नकोस म्हणजे झालं,” म्हणाला. म्हणजे जावयाच्या पोटात ती गोष्टही राहिली नव्हती, कुठून कळली कोण जाणे.

म्हातारा दारात आला. तिचा स्वतःचा धरून सहा पट्टे घेऊन पोरगी घराकडं निघाली होती. बारीक खांदा त्या ओझ्यानं एका बाजूला कलला होता, पण मान ताठ होती. तीस वर्षं आपण असेच चालत आलो, आणि असे दिसत होतो हे कधी कुणी सांगितलंच नाही, असं त्याच्या मनात आलं. छाती इतकी भरून आली की कंबर दुखायची राहिली. जाऊन तिला गाठावं म्हणून त्यानं फुटपाथवरून पाय उचलला.

तेवढ्यात मागून शंकोबा ओरडला, “थांब!”

पोरगी भर रस्त्यात जागच्या जागी थांबली. मागं वळली नाही, का म्हणून विचारलं नाही. पहिलवान थांबला, जावई थांबला, थोरला थांबला. ट्रकवाल्यानंसुद्धा ब्रेक दाबला.

“पट्टा लोळतोय, पोरी,” शंकोबा म्हणाला. “पायात येईल.”

आणि रस्त्याच्या पलीकडं, एक पाय अजून हवेत धरून, म्हातारा मुकादमही तसाच थांबलेला होता.